बारा ठोके, आठ अक्षरं: फ्लेमेंकोच्या तालावर मराठी कविता लिहायची असेल तर

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण नवीन लिहिणारे जवळपास सगळे तिथेच अडकतात. फ्लेमेंको, म्हणजे दक्षिण स्पेनमधला गाणं, गिटार आणि नाच यांचा प्रकार, त्याचा ताल बारा ठोक्यांचा असतो हे कुठेतरी वाचलेलं असतं, मग आपण वही घेऊन बसतो आणि प्रत्येक ओळीत मोजून बारा अक्षरं कोंबतो, आणि मग ती कविता मोठ्याने वाचली की पाढे म्हटल्यासारखी वाटते. खुद्द आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनच्या सेव्हिया, काडिझ, हेरेझ वगैरे भागात, गाणाऱ्याची ओळ बहुतेक वेळा आठ अक्षरांची असते. आठ! ती बारा ठोक्यांवर पसरते, मध्येच एखादा स्वर ताणला जातो, मध्येच काहीच नसतं, आणि उरलेली जागा गिटार, टाळ्या आणि नाचणारीची टाच भरून काढते. म्हणजे शब्द कमी आणि ताल जास्त. उरलेल्या जागेचं काय करायचं हे ज्याला जमलं त्याला हा प्रकार जमला, बाकी सगळं सरावाने येतं.

पहिलं काम: पेन बाजूला, टाळी सुरू

फ्लेमेंकोत ताल-चक्राला कोम्पास म्हणतात आणि गाण्या-नाचाच्या प्रत्येक प्रकाराला पालो. पालो पन्नासच्या आसपास तरी सापडतील, पण घाबरू नका, सुरुवातीला तीन पुरे: तांगोस, सोलेआ, सेगिरिया. पुढे बुलेरिया आणि आलेग्रियास.

तांगोस सगळ्यात सोपा, चार ठोक्यांचा. (अर्जेंटिनाच्या टँगोशी याची गल्लत करू नका, तो नाच वेगळा.) पाय एकवर आपटायचा, टाळी दोन-तीन-चारवर. एकवर टाळी नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या हाताला एकवर पडायची इतकी सवय असते की पहिले दोन दिवस हात आपोआप जातो, जाऊ दे, करत राहा.

मग सोलेआ. बारा ठोके, जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. हळू चालतो, त्यामुळे मोजायला वेळ मिळतो. मोजताना अकरा-बारा म्हणू नका, जीभ रेंगाळते. स्पॅनिश लोकही तेच करतात, दहापर्यंत मोजून पुढे परत 'एक दोन' म्हणतात. तर: एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा एक दोन. दहा मिनिटं हे चालता चालता करा, बसमध्ये मांडीवर करा, शेजारचा बघेल, बघू दे.

टाळ्या दोन प्रकारच्या असतात. तळहात पोकळ करून मारलेली दबकी टाळी, ती गाणाऱ्याच्या मागे असते म्हणजे शब्द झाकले जात नाहीत, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेली कडक टाळी, ती जोरकस नाचाच्या वेळी. कविता लिहिताना दबकी वापरा. तुमचेच शब्द तुम्हाला ऐकू यायला हवेत.

आपल्याकडे ज्यांनी कथक किंवा तबला केलाय त्यांना वाटेल की हा तर एकताल, बारा मात्राच की. आकडा तोच पण घडण वेगळी. एकताल दोन-दोनच्या सहा विभागांत बसतो आणि सगळे समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघत असतात. सोलेआत पहिला ठोका जवळपास बिनमहत्त्वाचा असतो आणि वाक्य मिटतं दहाव्यावर. अकरा आणि बारा म्हणजे सुस्कारा, पुढच्या फेरीची तयारी. तुमचा कान समेवर घडलेला असेल तर हे अंगवळणी पडायला जरा जास्त वेळ लागेल, उलट ज्याला काहीच येत नाही तो पटकन पकडतो असं माझं निरीक्षण आहे.

काय ऐकायचं? सोलेआसाठी फेर्नांदा दे उत्रेरा, बुलेरियासाठी ला पाकेरा दे हेरेझ, आणि पायांसाठी कार्मेन आमाया, बार्सिलोनाच्या झोपडवस्तीत वाढलेली, पँट घालून नाचायची, १९६३ मध्ये गेली पण तिच्या टाचांचं रेकॉर्डिंग आजही यूट्यूबवर आहे. तिचा व्हिडिओ आधी डोळे मिटून ऐका आणि मगच बघा.

दुसरं: कुठला पालो, कुठला विषय

इथे मूड उलटा निवडू नका. सेगिरियात लग्नाची गंमत लिहिली तर ती मुद्दामच विचित्र वाटेल. ढोबळ मानाने असं आहे: सोलेआ गंभीर, एकटेपणा, जुनी जखम पण ताठ मानेने सांगितलेली. सेगिरिया म्हणजे मरण, तुरुंग, आई, थेट शोक. आलेग्रियास काडिझच्या, समुद्र, मीठ, बोटी, उजेड. बुलेरिया हेरेझची, टिंगल, चावटपणा, रात्री उशिराची मैफल. मार्तिनेते लोहारांच्या भट्टीशी जोडलेला, त्यात गिटारच नसते. आणि पेतेनेरा नावाचा एक पालो बरेच कलाकार अपशकुनी मानतात आणि गात नाहीत, त्यावर लिहायचं की नाही तुम्ही ठरवा, मी तर नक्की लिहीन.

विषयाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. लाल झालर, केसात गुलाब, बैल, पौर्णिमा आणि नाचणारी जिप्सी पोरगी हे सगळं टाळा. ही पर्यटकांच्या पोस्टरची भाषा आहे. ही कला ज्यांनी मुख्यतः घडवली त्या गितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, लोकांना १७४९ च्या जुलैमध्ये राजाच्या हुकमाने देशभर एकाच वेळी पकडण्यात आलं होतं, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये सक्तमजुरीला धाडलं. लेत्रांमध्ये, म्हणजे गायच्या कडव्यांमध्ये, तुरुंग, बेड्या, खाणी, भूक इतक्यांदा येतात त्याला कारण आहे. आणि 'हे मूळचं आपलंच' हा सूरही नको. गितानोंचे पूर्वज फार मागे उत्तर भारतातून गेले हे भाषेवरून दिसतं, ते खरंच आहे, पण फ्लेमेंको घडला आंदालुसियात, तिथल्या अरबी, ज्यू, स्पॅनिश आणि गितानो सगळ्यांच्या सरमिसळीतून, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. आपण पाहुणे आहोत, पाहुण्यासारखं लिहावं, आणि विषय आपल्या स्वतःच्या घरातला घ्यावा.

तिसरं: तीन-तीन-दोन-दोन-दोन

आता पेन घ्या. स्पॅनिशमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर आघात असतो आणि गाणारा तो आघात तालाशी खेळवतो. मराठीत तसा ठळक आघात नाही, पण आपल्याकडे लघु-गुरू आहेत, शाळेत वैतागून शिकलेले. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वाराच्या दोन, जोडाक्षराआधी जोर पडत असेल तर दोन. हे इथे अक्षरशः कामाला येतं.

बुलेरिया बारापासून मोजायला सुरू करतात. मग जोर १२, ३, ६, ८, १० वर आले की गट पडतात ३, ३, २, २, २. म्हणजे आधी दोन ऐसपैस पावलं आणि मग तीन आखूड. या साच्यात शब्द टाकून बघा, प्रत्येक गटाच्या सुरुवातीला टाळी:

हात सोड, जा तू, जा
पाय मात्र थांबे ना

मोजा. हात तीन, सोड तीन, जा दोन, तू दोन, जा दोन. दुसऱ्या ओळीत पाय तीन, मात्र तीन, थां दोन, बे दोन, ना दोन. बारा मात्रा पण अक्षरं सातच आहेत, अगदी सुरुवातीला म्हटलं ते हेच. शेवटचा 'जा' लांबवू नका, दहाव्या ठोक्यावर कापा आणि अकरावा रिकामा सोडा. लांबवला की भावगीत होतं, कापला की फ्लेमेंको.

आता गंमत बघा. सेगिरियातही बाराच मात्रा, पण चक्र दुसऱ्या जागेवरून सुरू होतं, त्यामुळे गट होतात २, २, ३, ३, २. आधी आखूड-आखूड, मग मध्ये दोनदा ताणलेलं, मग परत आखूड:

आई, रात दाट गं
मागे कोण राहिलं

तेच बारा, पण छातीत वेगळं बसतं ना? मधले दोन तीन-तीन मात्रांचे गट हे पाय ओढत चालणाऱ्याचे आहेत. पहिल्या साच्यात शेवटाला घाई आहे, दुसऱ्यात मध्यावर ओझं आहे. नवीन माणसाने आठवडाभर फक्त या दोन साच्यांत दिवसाला पाच-सहा ओळी पाडाव्यात, अर्थ लागो न लागो. तीन मात्रांचे शब्द मराठीत भरपूर आहेत: वाट, राख, दार, चूल, ऊन, गाव, तहान मात्र चार होतात, फसू नका.

हा सराव आहे हां, कविता नाही. सगळी कविता या साच्यात लिहिली तर वाचणारा तिसऱ्या कडव्याला कंटाळेल. साचा कानात मुरवायचा आणि कवितेत जिथे पाय आपटायचाय तिथेच बाहेर काढायचा.

चौथं: लेत्रा

इथे मराठी माणूस चक्क फायद्यात आहे. आठ अक्षरांची ओळ आपल्या लहान अभंगाचीही असते, कान तयारच आहे. सोलेआची लेत्रा तीन किंवा चार ओळींची. तीन असतील तर पहिली-तिसरी जुळते, चार असतील तर दुसरी-चौथी. आणि जुळवणी पूर्ण यमकाची नसते, फक्त स्वरांची असते, व्यंजनं वेगळी चालतात, उलट वेगळी असलेलीच बरी. आपल्याला 'वारा-तारा-सारा' ची इतकी सवय आहे की हे सुरुवातीला अर्धवट वाटतं. एक नमुना:

गाव सोडून आले मी
किल्ली ठेवली खिशात
दार कुणाचं ते आता
किल्ली वाजते उगाच

खिशात आणि उगाच. फक्त 'आ' चा स्वर भेटतो, बाकी काही नाही, आणि तेवढं पुरतं. 'उगाच' च्या जागी 'हातात' किंवा 'मनात' टाकून बघा, ओळ लगेच गुळगुळीत होते आणि तिची धार जाते.

तीन ओळींची:

पाणी मागितलं तुला
तू विहीर दावलीस
दोर आधीच कापला

यात काय आहे बघा: मी, तू, एक वस्तू, एक घडलेली गोष्ट. विशेषणं नाहीत. उपमा नाही. लेत्रा तक्रार करते पण समजावून सांगत नाही. १८८१ मध्ये आंतोनियो माचादो इ आल्वारेस याने, देमोफिलो या टोपणनावाने, लोकांच्या तोंडच्या अशा लेत्रा गोळा करून सेव्हियात छापल्या, आणि त्यातल्या बहुतेकांचा कवी कोण हे माहीतच नाही. त्या तोंडातोंडी घासून इतक्या लहान झाल्यात. तुम्हाला घासायला शंभर वर्षं नाहीत, म्हणून खोडरबर वापरा. आठ ओळी लिहा, चार ठेवा.

सेगिरियाची लेत्रा जरा वाकडी असते: सहा, सहा, अकरा, सहा. तिसरी ओळ एकदम लांब होते, दम लागेपर्यंत, आणि चौथी परत आखूड. आपला मोठा अभंग ६-६-६-४ चा, तो शेवटी आकसतो. सेगिरिया आधी फुगते आणि मग आकसते. तिसऱ्या ओळीत काय सांगायचं ते आधी ठरवा, कारण तिथे श्वास संपतो आणि खरी गोष्ट तेव्हाच बाहेर पडते. बाकीच्या तीन ओळी मग आपोआप जमतात, खरंच.

पाचवं: नाचाची रचना म्हणजे कवितेची रचना

आता सगळ्यात मजेचा भाग, आणि याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. एकटी लेत्रा लिहून झाली की ती गाणं होते. नाच हवा असेल तर नाच कसा बांधतात ते कवितेत आणायला हवं.

साधारण सोलेआ किंवा आलेग्रियासचा नाच असा जातो. गिटार सुरू होते, गाणारा शब्दांशिवाय गळा मोकळा करतो. सेगिरियात 'आय' असा लांब टाहो येतो, आलेग्रियासमध्ये 'तिरितित्रान' असले निरर्थक बोल. मराठीत सुरुवातीला अशी एक बिनअर्थाची ओळ टाकायला अजिबात लाजू नका, पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतातच की.

मग यामादा. नाचणारी पायाने आणि अंगाने हाक देते, की थांबा, आता काहीतरी येतंय. कवितेत ही एक हुकमी ओळ, छोटी, क्रियापदावर संपणारी. 'ऐक.' एवढी सुद्धा चालेल. त्यानंतर लेत्रा. लेत्रा चालू असताना नाचणारी पाय आवरते, हातांनी, कमरेने नाचते, गाणाऱ्याच्या शब्दांवर पाय पाडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे: आशय सांगणाऱ्या कडव्यात ताल दाखवू नका. ओळ साधी, सैल, बोलल्यासारखी ठेवा. ओळ संपली की नाचणारी दोन-चार ठोके टाकून तिला मिटवते, त्याला रेमाते म्हणतात. तुमच्या कवितेत लेत्रेच्या शेवटी आलेली ती तीन-तीन-दोन-दोन-दोनची एक ओळ म्हणजे रेमाते. सराव इथे वापरायचा होता.

आलेग्रियासमध्ये मधे एक संथ तुकडा येतो, गाणं नाही, गिटारचा सूर उदास होतो, नाचणारी जवळपास तरंगते. कवितेत इथे लांब ओळ, कमी क्रियापदं, पुढेमागे मोकळी जागा.

आणि मग एस्कोबिया, पायांचा खेळ. गाणारा गप्प, टाचा बोलतात, सावकाश सुरू होऊन वेग वाढत जातो. सगळे नवीन कवी इथे 'टक टक टकाटक' लिहितात, नका लिहू. पायांचा आवाज खऱ्या शब्दांतल्या व्यंजनांतून काढा. ट, ठ, च, ड ही टाच. क्क, ट्ट, त्त ही सबंध पाऊल आपटल्याचा दणका. म, व, ल हे पाऊल घासत नेल्यासारखं. असं काहीतरी:

टाच वीट, वीट टाच
टाच वाट, वाट काच
टाच काच, जा, ये, जा

पहिल्या दोन ओळी तीन-तीनच्या चार गटांच्या, सरळ गोल फिरणाऱ्या, आणि तिसरीत साचा मोडून ३-३-२-२-२, म्हणजे परत रेमाते. अर्थही थोडासा सरकतोय, विटेवरून काचेवर. एस्कोबियात अर्थ एवढाच सरकावा, जास्त नको, आठ-दहा ओळींच्या पुढे तर मुळीच नको.

शेवटी नाच बहुतेकदा बुलेरियाच्या वेगात जातो आणि नाचणारी नाचतच बाहेर निघून जाते. म्हणून कवितेचा शेवटही वेगवान, हलका, जमलं तर जरा खोडकर ठेवा. इतकं रडून झाल्यावर बुलेरियात एकदम टिंगल येते, हे तिथल्या लोकांचं मोठेपण आहे, ते उचलण्यासारखं आहे. शेवटच्या ओळीत तत्त्वज्ञान सांगायचा मोह होईल. तुमची पात्रं दारातून बाहेर गेली की पुरे.

ही सगळी बांधणी पाळायलाच हवी असं नाही. ग्रानादाच्या लोर्का या कवीने १९२१ मध्ये लिहिलेल्या आणि १९३१ मध्ये छापलेल्या 'पोएमा देल कान्ते होंदो' या संग्रहात सेगिरिया, सोलेआ, साएता, पेतेनेरा असे विभाग केलेत, पण तो लेत्रांची नक्कल करत बसला नाही, पालोच्या भोवतीचं वातावरण आखूड ओळींत पकडलं. तोही रस्ता आहे. फक्त मला वाटतं नवीन माणसाने आधी ताल शिकावा आणि मग वातावरणाकडे जावं, कारण वातावरण फसवायला सोपं असतं आणि ताल फसवता येत नाही.

सहावं: तपासायचं कसं

एका मित्राला किंवा मैत्रिणीला बसवा, सोलेआच्या दबक्या टाळ्या द्यायला सांगा, आणि तुम्ही वाचा. अट एकच, टाळी तुमच्यासाठी थांबणार नाही. तुम्ही मागे राहिलात तर ओळीत शब्द जास्त आहेत. तुम्ही पुढे पळालात तर बहुतेक तुम्हाला शांततेची भीती वाटते, अशा वेळी ओळ वाढवू नका, नुसते थांबायला शिका. कुणी नसेल तर फोनमध्ये कोम्पासच्या टाळ्यांचं मेट्रोनोम अ‍ॅप मिळतं, तेही चालतं, पण माणूस बरा, कारण त्याच्या तोंडून चांगल्या ओळीला नकळत 'अरे वा' निघतं. फ्लेमेंकोत या ओरडण्याला हालेओ म्हणतात आणि ते दहाव्या ठोक्यानंतरच्या मोकळ्या जागेत पडतं. तुमच्या मित्राचा 'अरे वा' शब्दांच्या मध्येच आला तर तुम्ही जागा ठेवलेली नाही. आणि हो, कवितेत स्वतःच 'ओले!' लिहू नका, स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारल्यासारखं दिसतं.

वाचताना बूट घाला आणि फरशीवर उभे राहा. गादीवर बसून वाचलेल्या कवितेचा ताल नेहमी बरोबरच वाटतो.

कविता पक्की झाली की वर नाव द्या आणि नावापुढे कंसात पालो लिहा, फ्लेमेंकोच्या रेकॉर्डवर लिहितात तसंच: किल्ली (सोलेआ). वाचणाऱ्याला हा प्रकार माहीत नसेल तर तो कंस सोडून देईल, माहीत असेल तर त्याला कळेल की जोर तीनवर येणार आहे आणि दहावर मिटणार आहे.